जुन्या मोटारीचें एरिअल

जुनी मोटारगाडी बाळगणारा गृहस्थ गाडीच्या बहुतेक सर्व अंगांविषयीं चोखंदळ असतो. रंगाची छटा मूळची आहे कीं नाहीं, चाकाच्या टोपीवरील बोधचिन्ह त्याच सालचें आहे कीं मागाहूनचें, यावर तो तासच्या तास वाद घालील. परंतु एरिअलचा प्रश्न आला कीं तोच गृहस्थ बाजारांत मिळेल ती काठी आणतो, मिस्त्रीच्या हातीं देतो आणि “लावून टाका” म्हणून मोकळा होतो. मिस्त्री मडगार्डला भोंक पाडतो. काठी पुढें आवडली नाहीं तर बदलतां येते. भोंक मात्र बदलतां येत नाहीं. म्हणून एरिअलची निवड ही केवळ खरेदीची बाब नव्हे. ती विचाराची बाब आहे, आणि तो विचार ड्रिल हातीं घेण्यापूर्वीं व्हावयास पाहिजे.

एरिअल म्हणजे केवळ बाहेर दिसणारी काठी, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः प्रक्षेपण केंद्राकडून येणाऱ्या रेडिओलहरींमुळें काठींत अत्यंत क्षीण असा विद्युत्दाब उत्पन्न होतो, आणि तो केबलमधून रेडिओपर्यंत जातो. या मंडलाची दुसरी बाजू म्हणजे गाडीचा पोलादी सांगाडा होय. काठी, केबल आणि सांगाड्याशीं असलेला जोड या तिहींपैकीं एक जरी लंगडें असलें, तरी उरलेल्या दोहोंची थोरवी व्यर्थ जाते.

काठीची लांबी किती असावी, हें कोणत्या लहरी ऐकावयाच्या यावर अवलंबून आहे. शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या एफ. एम. केंद्राची लहर सुमारें ३ मीटर लांब असते. तिचा चतुर्थांश म्हणजे ७५ सेंटिमीटर. एवढ्या लांबीची काठी अशा लहरी उत्तम ग्रहण करते. आणि नेहमींच्या काठ्या साधारण तेवढ्याच असतात. मध्यम लहरींची गोष्ट निराळी. १००० किलोहर्ट्झच्या केंद्राची लहर ३०० मीटर लांब. तिचा चतुर्थांश ७५ मीटर. कुतुबमिनाराहूनहि उंच अशी काठी कोणत्याहि मोटारीवर उभी राहणार नाहीं! त्यामुळें मध्यम लहरींच्या बाबतींत मोटारीवरील प्रत्येक एरिअल अपुरेंच असतें, आणि जितकी लांबी अधिक तितका लाभ अधिक, हाच नियम राहतो.

हा भेद जुन्या गाडीच्या मालकानें विशेष ध्यानांत धरावा. ब्लाउपुंक्ट या जर्मन कंपनीनें मोटारीसाठीं एफ. एम. रेडिओ आणला तो १९५२ सालीं. भारतांत एफ. एम. प्रक्षेपणाचा आरंभ मद्रास येथें १९७७ सालीं झाला. त्यापूर्वींच्या गाडींत मूळचा रेडिओ असेल तर तो बहुधा मध्यम लहरींचाच. इकडे युरोपांतील अनेक देशांनीं मध्यम लहरींवरील प्रक्षेपण बंद करून टाकलें आहे. तेव्हां आपल्या गांवीं कोणत्या लहरींवर कोणतीं केंद्रें ऐकूं येतात, याची चौकशी आधीं करावी. ऐकण्यासारखें केंद्रच नसेल तर सोन्याचें एरिअल लावूनहि उपयोग नाहीं. अशा वेळीं कांहीं मालक रेडिओची जुनी पेटी तशीच ठेवून तिच्या आंत एफ. एम. ची यंत्रणा बसवून घेतात. मग ७५ सेंटिमीटरची काठी पुरेशी होते.

आतां शोभेचा आणि इतिहासाचा विचार. शिकागो येथील गॅल्व्हिन कंपनीनें १९३० सालीं मोटोरोला या नांवाचा मोटारीचा रेडिओ बाजारांत आणला. त्या काळच्या बहुतेक बंद गाड्यांच्या छपराचा मधला भाग लांकडाच्या पट्ट्या, तारेची जाळी व त्यावर ताणलेलें कापड असा असे. ही जाळी हेंच पुष्कळ गाड्यांचें एरिअल होतें. १९३५ च्या गाड्यांपासून जनरल मोटर्सनें संपूर्ण पोलादी छप्पर आणलें, आणि छपरांतील एरिअलचा मार्गच खुंटला. कारण पोलादाच्या आंत ठेवलेल्या तारेपर्यंत लहरी नीट पोहोंचत नाहींत. मग कोणी एरिअल फुटबोर्डाखालीं टांगलें. तेथें चिखल व दगड यांचा मार बसे, आणि जमीन जवळ असल्यामुळें आवाजहि बेताचाच येई. शेवटीं काठी गाडीच्या अंगावर उभी राहिली. तेव्हां १९३३ सालच्या गाडीच्या मडगार्डावर लखलखीत काठी उभी करणें म्हणजे पेशवाईच्या नाटकांत पात्राच्या मनगटावर घड्याळ बांधण्यासारखें आहे. अशा गाडीचें छप्पर नवें करावयाचें असेल तेव्हांच त्यांतील जाळीला तार जोडून घ्यावी, हें उत्तम. मात्र ती जाळी सांगाड्याला कोठेंहि टेकतां कामा नये.

याहून चमत्कारिक उदाहरण १९५३ च्या शेव्हरलेट कॉर्व्हेटचें. तिचें अंग पोलादाचें नसून कांचतंतूंचें होतें, त्यामुळें एरिअलची जाळी डिकीच्या झांकणाच्या आंतच बसवितां आली व बाहेर कांहींच दिसेना. पण एका हातानें मिळालें तें दुसऱ्या हातानें द्यावें लागलें. इंजिनांतील ठिणग्यांचा जो उपद्रव पोलादी अंग अडवून धरतें, तो कांचतंतूंना अडवितां येईना. म्हणून ठिणग्यांच्या यंत्रणेवर धातूचीं आवरणें घालावीं लागलीं. पुढें १९६९ च्या पाँटियॅक ग्रँ प्री गाडींत एरिअलच्या बारीक तारा समोरच्या कांचेंतच आल्या. अशा गाडीची कांच फुटून साधी कांच बसविली कीं रेडिओ मुका होतो, आणि मालक दोष रेडिओला देतो.

भोंक पाडावें कीं पाडूं नये? ज्या गाडींत कारखान्यांतूनच रेडिओ आला, तिच्यांत मूळच्या जागीं मूळच्या घडणीचें एरिअल लावावें. तेथें वादास जागा नाहीं. ज्या गाडींत रेडिओ कधींच नव्हता, तिच्या अंगाला हात लावण्यापूर्वीं मात्र दहा वेळां विचार करावा. अँबॅसडर काय किंवा कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली, १९७४ पासून पद्मिनी या नांवानें ओळखली गेलेली फियाट काय, या गाड्यांच्या छपराच्या कडेला पावसाचें पाणी वाहून जाण्यासाठीं पन्हळ असते. त्या पन्हळीला चिमट्यानें अडकविण्याचीं एरिअलें मिळतात. भोंक पाडावें लागत नाहीं, आणि मन बदललें तर काढून ठेवतां येतात. मात्र चिमट्याच्या स्क्रूला रंगाखालचें लोखंड लागलें पाहिजे, नाहींतर जोड नुसता दिखाऊ ठरतो. कांचेला आंतून चिकटविण्याच्या तारा हा दुसरा मार्ग, एफ. एम. साठीं त्या चालण्यासारख्या असतात, मध्यम लहरींसाठीं नसतात.

केबलच्या बाबतींत एक चूक फार घडते. जुनी केबल कुजली कीं दूरदर्शन संचाची केबल जोडून देतात. दिसावयास ती तशीच दिसते. पण मोटारीच्या एरिअलची केबल मुद्दाम निराळी केलेली असते. तिच्यांत मधली तार अगदीं बारीक असून भोंवतीं पुष्कळशी हवा राखलेली असते, कारण तार व वरचें जाळीदार वेष्टन यांच्यामध्यें विद्युत्धारकता वाढली कीं मध्यम लहरींचा क्षीण दाब तेथल्या तेथें विरतो. याच कारणास्तव मागच्या मडगार्डावरील एरिअल कितीहि देखणें असलें तरी लांब केबलमुळें कांहींसें तोट्याचें ठरतें. एरिअल बदलल्यावर रेडिओशीं त्याचा मेळ बसवावा लागतो. पुष्कळ जुन्या रेडिओंत एरिअलच्या जोडाजवळ एक लहान स्क्रू असतो. काठी पूर्ण उंच करून, १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचें एखादें दुर्बळ केंद्र लावून, आवाज सर्वांत मोठा होईल तेथें तो स्क्रू ठेवावा. एवढ्या पांच मिनिटांच्या कामानें पुष्कळदां नव्या रेडिओचा खर्च वांचतो.

एरिअलच्या बुडाशीं, पत्र्याच्या खालच्या बाजूनें, रंग व गंज खरवडून धातूला धातू भिडवावा. नंतर मीटर लावून तीन गोष्टी पाहाव्या: काठीचें टोक व केबलची मधली तार यांत विरोध जवळजवळ शून्य असावा; वरचें वेष्टन व सांगाडा यांतहि तो शून्यच असावा; आणि मधली तार व वेष्टन यांत मुळींच संबंध नसावा. खरखर फार येत असेल तर इंजिन बंद करून ऐकावें. ती थांबली तर दोष इंजिनाकडील आहे असें समजून स्पार्क प्लग, डायनामो व बॉनेटचा सांगाड्याशीं जोड यांकडे पाहावें. शक्य तेथें ठिणग्यांच्या यंत्रणेपासून दूरची बाजू एरिअलला द्यावी.

हल्लीं लपवून ठेवण्याचीं, विजेवर चालणारीं एरिअलेंहि मिळतात. त्यांना बहुधा १२ व्होल्ट लागतात, आणि ऋण टोक सांगाड्याला जोडलेलें असावें लागतें. १९५५ पर्यंतच्या अमेरिकन फोर्ड गाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी असून तिचें धन टोक सांगाड्याला असे. अशा गाडींत हें उपकरण तसेंच जोडणें म्हणजे तें हातानें जाळणेंच होय.

कोंकणांत किंवा मुंबईस ज्यांची गाडी असेल त्यांनीं पावसाळ्याचा विचार करूनच निवड करावी. क्रोमचा मुलामा पातळ असेल तर एका चातुर्मासांत काठीवर डाग उठतात. बुडाचें रबर फाटलें कीं पाणी भोंकांतून आंत उतरतें आणि आधीं केबल, मग मडगार्ड खाऊं लागतें. काठी खालीं सारण्यापूर्वीं कोरड्या फडक्यानें पुसावी व तेलाचा किंचित् हात फिरवावा. दाट ग्रीस लावूं नये. त्यांत धूळ बसून नळ्या अडकतात.

तात्पर्य, काय ऐकावयाचें हें आधीं ठरवावें. गाडीच्या सालाला व घडणीला काय साजतें हें नंतर पाहावें. मग केबल आणि जोड. आणि चकाकी सर्वांच्या शेवटीं. या क्रमानें जो जाईल त्याच्या गाडींतून आवाजहि स्वच्छ येईल, आणि जिला पुढच्या पिढीच्या हातीं सोंपवावयाचें आहे त्या गाडीच्या अंगावर निष्कारण व्रणहि उरणार नाहीं.