चामड्यावरची नक्षी आणि नक्षीकाराची मजुरी

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने चपलेवर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. आपल्या शहरात कामगारांचा प्रश्न म्हटला की गिरणी, यंत्रमाग आणि विडी यांचीच चर्चा होते. चामड्याचे काम करणारा कारागीर आपल्या ठरावांत क्वचितच येतो. परंतु कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा समावेश आहे. नाव कोल्हापूरचे असले तरी प्रश्न आपल्याही जिल्ह्याचा आहे.

हे काम कसे होते ते प्रथम पाहू. चपलेच्या तळावर आणि पट्ट्यावर जी फुले, वेली, ठिपके दिसतात, ती कातडे किंचित ओले करून त्यावर ठसे ठोकून उठवलेली असतात. कोठे रापीने कातरकाम केलेले असते, कोठे बारीक भोके पाडलेली असतात, वर वादीची वेणी आणि गोंडा येतो. कातडे वाळले की ठसा कायम राहतो. मात्र हे साधते ते बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्यावर. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून, तीत साल-हिरड्याचे पाणी भरून ती टांगून ठेवतात. या कमावणीला कित्येक आठवडे लागतात. क्रोमच्या क्षारांनी तेच काम एक-दोन दिवसांत उरकते, परंतु ते कातडे मऊ आणि लवचीक असते. ठोकलेली नक्षी त्यावर नीट धरत नाही. म्हणजे चर्मकाराची कला कातडे कमावणाऱ्या ढोर समाजाच्या श्रमावर उभी आहे. कमावणी बंद पडली की नक्षीही थांबेल.

आणि ज्यांच्या हातून हे घडले त्यांना आपल्या समाजाने काय दिले? बसवकल्याण येथून फार दूर नाही. बाराव्या शतकात हरळय्या आणि कल्याणम्मा या दांपत्याने स्वतःच्या मांडीचे कातडे काढून बसवण्णांसाठी पादत्राणे केली, अशी कथा शरण परंपरेत सांगतात. त्याच हरळय्यांच्या मुलाचे लग्न मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाले, तेव्हा दोन्ही पित्यांना देहान्ताची शिक्षा झाली, असे ही परंपरा सांगते. पादत्राण डोक्याला लावायचे आणि ते करणाऱ्याला वेशीबाहेर ठेवायचे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे.

तिचे आधुनिक रूप आपण नुकतेच पाहिले. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने कोल्हापुरीच्या घाटाची पादत्राणे मिरवली. कोल्हापूरचा उल्लेख प्रारंभी नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली. मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी स्वतः दाद मागावी, असा न्यायालयाचा रोख होता. हे मालक म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक यांची चर्मोद्योग महामंडळे. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने या महामंडळांशी करार केला आणि दोन हजार जोड सुमारे आठशे युरोंना विकण्याचे जाहीर केले. आपल्या वर्तमानपत्रांना अभिमान वाटला. मला प्रश्न पडला तो इतकाच, की त्या आठशे युरोंतले किती ठसा ठोकणाऱ्याच्या घरी पोचणार?

निवृत्तीनंतर एकदा एका कारागिराच्या ओसरीवर मी हिशेब मांडायला बसलो होतो. कातडे, वादी, रंग, व्यापाऱ्याने दिलेला भाव, सारे लिहून झाले. शेजारी त्यांच्या पत्नी वेणी घालीत होत्या, सून तळ शिवीत होती. मी विचारले, "ताई, तुमचे तास कुठे लिहू?" त्या हसल्या. म्हणाल्या, "ते काय कामात धरत्यात व्हय सर? घरचंच की." चाळीस वर्षे मी वर्गात मूल्यसिद्धान्त शिकवला. या उत्तराला माझ्या वहीत रकाना नव्हता. दोन बायकांचे तास धरले असते तर त्या जोडावर नफा उरत नव्हता, तोटाच होता.

मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याने नावाला संरक्षण मिळते, भावाला नाही. आपल्या सोलापुरी चादरीला हे मानांकन कोल्हापुरीच्या कितीतरी आधी मिळाले, तरी बाहेर विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली जातेच. कच्च्या मालाची अडचण वेगळीच. गोहत्याबंदी राज्यात १९७६ च्या कायद्याने होतीच. २०१५ मध्ये बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कातड्याचा पुरवठा आटला. त्या निर्णयावर भावनेच्या भरात पुष्कळ बोलले गेले. कमावणाऱ्यांच्या रोजीचा हिशेब कोणी मांडला नाही.

मग आपण काय करावे? तीन कामे आपल्या हातची आहेत. कायद्याने प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करता येते. फॉर्म भरण्याचे हे काम कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन करावे. दुसरे, कातड्याची खरेदी आणि मालाची विक्री कारागिरांच्या सहकारी संस्थेमार्फत व्हावी. सहकाराच्या नावाखाली पुढाऱ्यांनी काय केले हे मला कोणी सांगू नये, मी ते पाहिले आहे. म्हणूनच संस्थेत मताचा अधिकार रापी धरणाऱ्यालाच असावा, सावकाराला आणि पुढाऱ्याला नको. तिसरे, वेणी घालणाऱ्या आणि तळ शिवणाऱ्या बाईचे नाव सभासद म्हणून स्वतंत्र लागावे आणि तिची मजुरी जोडाच्या हिशेबात पहिल्या ओळीत यावी.

या कारागिरांची मुले आज हा धंदा सोडीत आहेत. त्यांना मी दोष देणार नाही. जातीने लादलेले काम सोडण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. कला टिकावी म्हणून त्यांनी दारिद्र्यात राहावे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्याला हे काम मनापासून करायचे आहे, त्याला त्यातून सन्मानाने जगता आले पाहिजे, एवढीच मागणी आहे. पुढच्या महिन्यात आपण पुन्हा भेटू तेव्हा प्रत्येकाने आपल्या वस्तीतील किमान पाच कारागिरांचा असा हिशेब, बायकांच्या तासांसह, लिहून आणावा, ही विनंती करून मी थांबतो.