घराच्या भिंतीवरील खूण

(बुद्धविहारातील उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



मागील पौर्णिमेस वंदना आटोपल्यावर नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबातील एका बाईंनी मला विचारले, "वकीलसाहेब, भगवंतांची तसबीर घरात लावायची कोठे? देव्हारा तर रिकामाच पडला आहे." प्रश्न लहान दिसतो; परंतु दीक्षा घेऊन परतलेल्या प्रत्येक घरापुढे तो पहिल्याच संध्याकाळी उभा राहतो. म्हणून आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

माझे उत्तर असे की, देव्हाऱ्यात लावू नका. जेथे काल खंडोबाचा टाक होता तेथेच आज बुद्धमूर्ती बसविली, हळदकुंकू तेच, नवस तोच, तर देव बदलला, धर्मांतर झाले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्धास विष्णूचा अवतार न मानण्याची एक प्रतिज्ञा आहे. ती तोंडाने घेतली तरी देव्हाऱ्याच्या सवयीने मनातून पुसली जाते. त्या कोनाड्यात पुस्तके ठेवा. तसबीर बसण्याउठण्याच्या खोलीत, जमिनीवर बसलेल्या माणसाची नजर सहज पोहोचेल इतक्या उंचीवर लावा. मुले ज्या भिंतीसमोर अभ्यासास बसतात, ती भिंत सर्वांत उत्तम. शेजारी बाबासाहेबांची तसबीर असावी. कोणती बोटभर वर व कोणती खाली यावर तासन्‌तास वाद घालणारी मंडळी मी पाहिली आहेत. आपण त्यात पडू नये. घरातील वृद्ध आई आपला टाक पेटीतून काढून देत नसेल तर तिच्याशी भांडू नका. मात्र टाक आणि ही तसबीर एका फळीवर मांडू नका.

आता दाराबाहेरची खूण. बाबासाहेबांनी दादरच्या आपल्या घरास 'राजगृह' हे नाव दिले, ते दीक्षेच्या कितीतरी वर्षे आधी. राजगृह ही मगधाची जुनी राजधानी. पहिली धम्मसंगीती तेथे भरली, असे परंपरा सांगते. घराचे नाव हीदेखील खूणच होय. आपला पंचरंगी ध्वज प्रथम १८८५ साली कोलंबोस उभारला गेला. त्यात निळा, पिवळा, तांबडा, पांढरा व नारिंगी असे उभे पट्टे असून सहाव्या पट्ट्यात हे पाचही रंग एकत्र येतात. निळा पट्टा काठीच्या बाजूस यावा. जयंतीस लावलेला ध्वज पुढे पावसाळाभर चिंध्या होऊन छपरावर लोंबतो, हे दृश्य मला फार लागते. तो वेळीच उतरवून घडी घालून ठेवावा. पक्षाचा झेंडा हा धम्माचा ध्वज नव्हे. पक्ष फुटतात, हे आपणांस मी सांगावयास नको. दारावरच्या पाटीवर सारनाथचे चार सिंह काढण्याचीही हौस दिसते. ते भारत सरकारचे बोधचिन्ह आहे. २००५ च्या कायद्यान्वये त्याच्या गैरवापरास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याऐवजी आठ आऱ्यांचे धम्मचक्र निःशंक काढावे.

हे सांगून झाल्यावर त्या बाई हळूच म्हणाल्या, "खोली भाड्याची आहे. मालकाने तसबीर पाहिली तर?"

खरा प्रश्न हाच होता. तो मला अनोळखी नव्हता. कायदा शिकत असताना मी भाड्याच्या खोलीत राहत होतो. आडनाव विचारले गेले तेव्हा गावाचे नाव सांगून वेळ मारून नेली, आणि दोन वर्षे बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. दिवसा वर्गात घटनेचे सतरावे कलम पाठ करावे आणि रात्री ट्रंकेला कुलूप लावावे, असा तो क्रम होता. म्हणून आज जो तसबीर लपवतो, त्याला मी भित्रा म्हणणार नाही.

परंतु कायदा माहीत असावा. अस्पृश्यतेच्या कारणावरून राहती जागा घेण्यास वा तीत राहण्यास आडकाठी करणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. अनुसूचित जातींना पूज्य असलेली मूर्ती वा तसबीर त्या समाजाबाहेरील इसमाने फोडली किंवा विटाळली, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे सहा महिने ते पाच वर्षे कैद व दंड आहे. बौद्ध म्हणविल्याने सवलती जातील ही भीतीही जुनी झाली. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांना ते संरक्षण मिळाले आहे.

एवढे असूनही घरमालक खरे कारण कधी बोलत नाही. "मुलाचे लग्न आहे, खोली हवी," असे म्हणतो, आणि न्यायालयात जातीचे कारण सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून त्या बाईंना मी सांगितले की, भाड्याचा करार लेखी करून घ्या, दरमहाची पावती घ्या, मालक काय बोलला ते त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहा, आणि शेजारचे कोणी ऐकत होते काय तेही लिहा. पावत्या आहेत काय, असे विचारता त्या म्हणाल्या, "दोन आहेत, बाकीच्या त्याने दिल्याच नाहीत." त्या दोन घेऊन रविवारी माझ्याकडे या, असे मी त्यांना सांगितले आहे. आपणांपैकी ज्यांची अशी अडचण असेल त्यांनीही यावे.