प्रौढपणी परिचर्येचा मार्ग

(आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सायंसभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत पूर्वजांचे गुणगान करण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. ज्यांनी ह्या मंदिराच्या पायाचे दगड डोक्यावरून वाहिले त्यांचे स्मरण आपण आज सकाळी मिस्साबलीत केले. ह्या सायंकाळी मात्र आम्ही एका व्यवहारातील विषयावर बोलणार आहोत. कारण त्या विषयात आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती तुमच्यासमोर कबूल केल्यावाचून हा महोत्सव आम्हांस पुरा साजरा झाला असे वाटणार नाही.

२०२१ सालची गोष्ट. आपल्या धर्मग्रामातील एक बाई आमच्याकडे आल्या. त्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवीत असत. करोनाच्या वर्षी शाळेचा पगार थांबला तो पुन्हा नीट सुरू झालाच नाही. त्याच काळात त्यांनी आपल्या सासूबाईंची दोन महिने अहोरात्र शुश्रूषा केली होती. "फादर, मला नर्स व्हायचे आहे. माझे वय चौतीस. आता शिकायला गेले तर चालेल का?" असे त्यांनी विचारले. आम्ही मोठ्या शहाणपणाने उत्तर दिले, "बाई, मुलगा आठवीत आहे. त्याची दहावी होऊ द्या, मग पाहू." त्यांनी आमचा शब्द मानला. २०२३ च्या जून महिन्यात, मुलाच्या निकालाचे पेढे घेऊन, त्या पुन्हा आल्या. त्या वेळी त्यांचे वय छत्तीस होते, आणि दार बंद झाले होते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे जी.एन.एम. व बी.एस्सी. नर्सिंग ह्या दोन्ही अभ्यासक्रमांस प्रवेश घेण्याची वयोमर्यादा सतरा वर्षांपासून पस्तीस वर्षांपर्यंत आहे. ही एक ओळ आम्हांस त्या दिवशी ठाऊक नव्हती, आणि ती विचारून घेण्याची तसदीही आम्ही घेतली नाही. शुभवर्तमानातील मळ्याच्या धन्याने अकराव्या तासाला आलेल्या मजुरांसही कामावर घेतले, ह्यावर आम्ही कितीदा प्रवचन केले असेल! परंतु परिषदेच्या नियमात तो अकरावा तास पस्तिसाव्या वर्षी संपतो, आणि ज्याला कोणी सल्ला विचारतो त्याने सल्ल्यापूर्वी घड्याळ पाहिले पाहिजे.

म्हणून आम्ही ह्या विषयाची माहिती मिळविली. ती आज तुमच्या हाती देतो.

प्रथम एक भ्रम दूर करू. 'पदवीधरांनो, एका वर्षात नर्स व्हा' अशा अर्थाची पत्रके आपल्या तालुक्याच्या गावी वाटली जातात. ही कल्पना सर्वस्वी निराधार आहे असे नाही. अमेरिकेत दुसऱ्या विषयाची पदवी असलेल्या प्रौढांसाठी परिचर्येचा शीघ्र पदवी अभ्यासक्रम आहे. जेसुइट संघाच्या सेंट लुईस विद्यापीठात तो १९७१ साली सुरू झाला, आणि आज तेथील अनेक विद्यापीठांत सुमारे एक ते दीड वर्षात पुरा होतो. परंतु तेथेही अर्ज करण्यापूर्वी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय बहुधा उत्तीर्ण व्हावे लागतात. जुन्या पदवीचे गुण तपासतात. शिफारसपत्रे आणि 'पूर्वीचे काम सोडून इकडे का येता' ह्याचे लेखी उत्तर मागतात. आणि अभ्यास इतका दाट असतो की त्याबरोबर नोकरी करणे जवळजवळ अशक्य. शेवटी परवान्याची परीक्षा असतेच. आपली जी मुलेबाळे तिकडे स्थायिक झाली आहेत त्यांनी ह्याचा अवश्य विचार करावा. आपल्या देशात मात्र कला वा वाणिज्य शाखेच्या पदवीमुळे परिचर्येच्या शिक्षणातील एकही वर्ष कमी होत नाही. येथे जो कोणी एका वर्षाचे प्रमाणपत्र देतो तो फार तर रुग्णसहाय्यक तयार करतो. त्या कामातही प्रतिष्ठा आहे. पण परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव चढल्यावाचून कोणी नर्स होत नाही. पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेस भारतीय व महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही, हे स्वतः पाहावे.

आता खरे मार्ग. ज्यांनी बारावीस भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी घेतले होते आणि ज्यांस त्यांत निदान पंचेचाळीस टक्के गुण आहेत, त्यांस चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग खुली आहे; राखीव वर्गांस गुणांत काही सवलत आहे. ज्यांनी कला वा वाणिज्य शाखा घेतली त्यांनी निराश होऊ नये. तीन वर्षांच्या जी.एन.एम. अभ्यासक्रमास बारावी कोणत्याही शाखेची चालते. इंग्रजी विषय आणि चाळीस टक्के गुण असले म्हणजे झाले. विज्ञानास अग्रक्रम असतो, एवढेच. पुढे नोंदणी झाल्यावर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवीही मिळविता येते. पुरुषांनाही हे मार्ग मोकळे आहेत. शिक्षणासाठी फार दूर जावयास नको: लोणीस प्रवरा संस्थेचे परिचर्या महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे.

अर्जाविषयी चार गोष्टी सांगतो. पहिली, अर्जाची घाई शेवटच्या आठवड्यात करू नये. राज्याच्या सीईटी कक्षाची सूचना निघते तेव्हा मुदत थोडी असते आणि कागद पुष्कळ लागतात. दुसरी, आपल्यापैकी अनेक कुटुंबांचे पूर्वज अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झाले. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. त्या सवलतीसाठी जातीचा दाखला, त्याची वैधता आणि उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला लागतो, आणि वैधता मिळण्यास कधी कधी महिनेच्या महिने जातात. ज्यांस पुढील वर्षी अर्ज करावयाचा आहे त्यांनी ह्याच महिन्यात सुरुवात करावी. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील उतारा ज्यास लागेल त्यास तो त्याच दिवशी देण्याची जबाबदारी आमची. तिसरी, पहिल्या वर्षाच्या शुल्कावरून खर्चाचा अंदाज करू नये. सर्व वर्षांचे शुल्क, वसतिगृह, गणवेश, पुस्तके आणि तितकी वर्षे घरात न येणारा पगार, ही सर्व बेरीज कागदावर मांडावी. चौथी, अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या परिचारिकेस भेटून तिची रात्रपाळी कशी असते ते विचारावे. ज्यास मलमूत्राची किळस वाटते त्याने ते आधीच ओळखलेले बरे.

आता लाजेची गोष्ट. अठरा वर्षांच्या मुलींच्या रांगेत बत्तीस वर्षांची आई बसली म्हणजे गाव हसते. ख्रिस्तसभेने परिचारकांचा आश्रयदाता म्हणून ज्या संतास मान दिला, त्या संत कामिल्लुसाचे चरित्र ह्या हसणाऱ्यांनी वाचावे. १५५० साली जन्मलेला हा मनुष्य भाडोत्री सैनिक होता, आणि जुगारात अंगावरचे सर्वस्व घालवून बसला होता. पायाची जखम घेऊन तो रोमच्या रुग्णालयात आला, आणि ज्या ठिकाणी रोगी होता त्याच ठिकाणी पुढे रोग्यांचा सेवक झाला. तिशी उलटल्यावर तो लहान मुलांच्या वर्गात लॅटिन शिकावयास बसला, आणि मुले हसत असत. त्याने शिकणे सोडले नाही. १९३० साली अकराव्या पायस महागुरूंनी त्यास परिचारकांचा आश्रयदाता म्हणून घोषित केले.

आपल्या मातीतही उदाहरणे आहेत. रमाबाई रानडे ह्यांनी १९०९ साली पुण्यास सेवासदन स्थापिले आणि ज्या काळी परिचर्या हलकी समजली जाई त्या काळी विधवा व प्रौढ स्त्रियांस त्या शिक्षणाकडे वळविले. आपल्याच जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली डॉक्टर रजनीकांत व डॉक्टर मेबल आरोळे ह्यांनी ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. त्यांनी गावोगावच्या साध्या स्त्रियांस आरोग्यसेविका केले. त्यांत कित्येक निरक्षर होत्या, कित्येक संसार मुलांत गुंतलेल्या होत्या. ज्या हातांनी खुरपे धरले त्याच हातांनी बाळंतपणे केली. त्यांस परिचर्येची पदवी नव्हती, हे खरे. पण उतारवयात नवे काम शिकता येते की नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी देऊन ठेवले आहे.

आमच्या मते पूर्वीचे काम वायाही जात नाही. ज्या शिक्षिकेने साठ मुलांचा वर्ग सांभाळला तिला घाबरलेल्या नातेवाइकांशी कसे बोलावे हे निराळे शिकवावे लागत नाही. ज्याने दुकानाचा हिशेब राखला तो औषधाच्या मात्रेत सहसा चुकत नाही. वय वाढलेला विद्यार्थी पाठांतरात मागे पडेल; रोग्याच्या उशाशी मात्र तो बहुधा मागे पडत नाही.

परंतु तो एकट्याने हे करू शकत नाही, आणि येथे धर्मग्रामाचे कर्तव्य सुरू होते. आई तीन वर्षे शिकावयास गेली तर मुलांना दुपारचे जेवण कोण वाढील? परीक्षेच्या दिवसांत म्हाताऱ्या सासऱ्यांस दवाखान्यात कोण नेईल? महोत्सवाच्या वर्गणीतून जी रक्कम उरेल ती अशा विद्यार्थ्यांच्या शुल्कास मदत म्हणून ठेवावी, आणि महिला मंडळाने त्यांच्या घरांकडे लक्ष देण्याचे वार वाटून घ्यावेत, अशी आमची सूचना आहे. मंदिरास नवा रंग एक वर्ष उशिरा लागला तरी चालेल.

ज्या बाईंची गोष्ट आम्ही आरंभी सांगितली त्या ह्या सभेत बसल्या आहेत, आणि त्यांच्याच परवानगीने आम्ही ती सांगितली. त्या आज आपल्या गावात आशा म्हणून काम करतात. कोणत्या घरी गरोदर बाई आहे, कोणत्या म्हाताऱ्याची गोळी संपली, हे त्यांना आमच्याआधी कळते. आम्ही त्यांची क्षमा मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, माझे राहू द्या. माझी जाऊ एकतीस वर्षांची आहे. तिला मात्र थांबायला सांगू नका." त्या जाऊबाईंचे दाखले ह्याच आठवड्यात तयार झाले. त्यांच्या अर्जास आम्ही सोबत जाणार आहोत.

आणखी कोणी असेल तर त्याने आज रात्रीच आम्हांस भेटावे. ह्या वेळी आम्ही आधी जन्मतारीख विचारू, आणि मग सल्ला देऊ. परमेश्वर तुम्हां सर्वांस आशीर्वादित करो.