गोठलेल्या तळ्यावरील गळाची काठी



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन हा तळ्यांचा मुलूख आहे. एकट्या मिनेसोटांत दहा एकरांहून मोठीं अशीं ११,८४२ तळीं मोजलेलीं आहेत. हिंवाळा आला कीं त्यांच्यावर बर्फाचें जाड झांकण बसतें. आणि त्या बर्फाला भोंक पाडून खालचे मासे धरण्याचा तेथील लोकांचा आवडता छंद सुरू होतो. ही कला जुनी आहे. गोरे लोक तेथें येण्यापूर्वींपासून त्या भागांतील ओजिब्वे लोक लाकडाचा कोरलेला खोटा मासा भोंकांतून पाण्यांत नाचवीत, आणि त्याला भुलून जवळ आलेल्या माशाला भाल्यानें टिपीत. आतां भाल्याची जागा बहुतेक ठिकाणीं गळानें घेतली आहे. मिनीॲपोलिसच्या परिसरांत आज मराठी कुटुंबेंहि राहतात; त्यांपैकीं कोणाला शेजाऱ्यानें तळ्यावर येण्याचें आमंत्रण दिलें, तर दुकानांत गेल्यावर पहिला प्रश्न उभा राहील तो काठीचा. भिंतीवर पन्नास काठ्या टांगलेल्या असतात. त्यांतली कोणती घ्यावी?

या प्रश्नाचें उत्तर काठीपाशीं नसून माशापाशीं आहे. हिंवाळ्यांत तेथें जे मासे मुख्यतः धरले जातात त्यांना तव्यावरचे मासे असेंच नांव आहे, कारण ते अख्खेच्या अख्खे तव्यांत मावतात. ब्लूगिल, क्रॅपी आणि पिवळा पर्च हे त्यांतले प्रमुख. ब्लूगिल बहुधा तळहाताएवढा असतो. पाणी चार अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असतें आणि बर्फ त्याहून हलका असल्यामुळें वर तरंगतो. म्हणून वर कडाक्याची थंडी पडली तरी तळाशीं सुमारें चार अंशांचें पाणी राहतें व मासे जगतात. परंतु माशाच्या अंगाची ऊब पाण्याच्या उबेप्रमाणें कमीजास्त होते. थंड पाण्यांत त्याचे सर्व शरीरव्यापार मंदावतात, भूक मंदावते, आणि खाण्याची रीतहि मंदावते. ब्लूगिल आमिषावर झडप घालीत नाहीं. तो त्याच्याजवळ येऊन थांबतो, तोंड उघडतो, आणि पाण्याच्या घोटाबरोबर अळी आंत ओढून घेतो. कांहीं खटकलें तर तितक्याच शांतपणें ती बाहेर टाकतो. हें सारें एकदोन क्षणांत आटोपतें, आणि वर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताहि लागत नाहीं.

म्हणून या काठीचें पहिलें काम खालची बातमी वर आणणें हें होय. मासा ओढण्याचें काम त्यामानानें सोपें आहे. लाकडाच्या वखारींतल्या कांट्यावर कोणी गुंजभर सोनें तोलीत नाहीं. त्या कांट्यांत दोष नसतो. पण गुंजेचा भार त्याला समजत नाहीं. उन्हाळ्यांतील पांच ते सात फुटांची काठी बर्फावर निरुपयोगी ठरते ती याच कारणानें. तिची लांबी गळ दूर फेंकण्यासाठीं असते. येथें भोंक पायाशींच आहे, फेंकण्याचा प्रश्न नाहीं, आणि पुष्कळदां माणूस लहानशा तंबूंत स्टुलावर बसलेला असतो. त्यामुळें २४ ते ३० इंचांची काठी पुरते. उघड्यावर उभें राहून धरणाऱ्याला ३६ इंचांची सोयीची पडते.

लांबीनंतर शेंडा पाहावा. शेंडा मऊ हवा, पण काठी सबंध मऊ नको. वरचा चतुर्थांश भाग सहज लवावा आणि त्याखालीं काठीला कणा असावा. कणा नसला तर वीस फूट खोल पाण्यांत गळ माशाच्या ओठांत रुततच नाहीं. उलट सगळीच काठी ताठ असली तर क्रॅपी हातचा जातो. कारण त्याच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते, आणि ताठ काठीच्या एका हिसक्यानें ती फाटते.

शेंडा किती मऊ असावा हें गळाच्या वजनावर ठरतें. येथें गळ मुगाच्या दाण्याएवढे असतात. शिशापेक्षां टंगस्टन सुमारें पावणेदोनपट जड असल्यामुळें त्याचा तेवढाच लहान गळ लौकर खालीं जातो व दोरा ताणलेला ठेवतो. दोरा म्हणजे आपल्याकडील तंगूसच, पण दोन ते चार पौंडांचा भार पेलणारा, अगदीं बारीक. जो गळ वापरावयाचा तोच दुकानांत काठीला टांगून पाहावा. शेंडा किंचित् लवला तर काठी योग्य. मुळींच लवला नाहीं तर ती बोलणार नाहीं. पार वांकून गेला तर बातमी सांगण्यास तिच्यापाशीं वांकच शिल्लक उरला नाहीं असें समजावें.

कांहीं जण शेंड्याला बारीक तारेची किंवा पातळ पट्टीची स्प्रिंग बसवितात. तिचा खरा उपयोग क्रॅपीसाठीं होतो. क्रॅपी पुष्कळदां खालून येतो आणि आमिष तोंडांत घेऊन वर सरकतो. अशा वेळीं दोऱ्याला ओढ बसण्याऐवजीं तो सैल पडतो. हाताला कांहींच लागत नाहीं. मात्र गळाच्या भारानें लवलेली स्प्रिंग सरळ होते. नाडी पाहणारा वैद्य जसा एका ठोक्याचा अभावहि ओळखतो, तसा जाणता माणूस हा सैलपणा ओळखून हळूच मनगट उचलतो. वाऱ्यांत मात्र स्प्रिंग उगाचच हलते. ती तंबूंत शोभते.

काठीचा पदार्थ हा पुढचा विचार. कांचतंतूंची काठी मऊ, स्वस्त आणि आडदांड वापराला टिकणारी असते. मुलाच्या हातीं तीच द्यावी. कार्बनतंतूंची काठी हलकी असते व बारीक थरथर मुठीपर्यंत पोंचविते, पण आपटली तर मोडते. डोळ्यांनीं शेंडा पाहत बसणाऱ्यास पहिली पुरते. ज्याला हातानें ओळखावयाचें आहे त्यानें दुसरी घ्यावी. कड्या थोड्या मोठ्या असाव्यात, नाहींतर ओला दोरा गुंडाळतांना त्यांत बर्फ धरतो. नेहमींच्या चक्रींत दोऱ्याला पीळ बसतो, आणि मग पाण्यांत गळ स्वतःभोंवतीं गरगर फिरतो. तें पाहून ब्लूगिल बिथरतो. पतंगाच्या आसारीप्रमाणें स्वतः फिरून दोरा गुंडाळणारी चक्री हा दोष टाळते.

एवढी चिकित्सा तळहाताएवढ्या माशासाठीं कशाला, असें कोणी विचारील. त्याला एक उत्तर आहे. ज्याला चाहूल लागत नाहीं त्याचा गळ मासा कित्येकदां गिळून बसतो. असा मासा परत सोडला तरी पुष्कळदां जगत नाहीं. मिनेसोटांत कांहीं तळ्यांवर एका माणसानें एका दिवसांत ब्लूगिलच्या जातीचे दहा, कोठें पांचच मासे न्यावेत असा निर्बंध आहे. त्याहून अधिक लागलेले मासे जिवंत सोडणें भाग असतें. ओठांत अडकलेला मासा बहुधा सुखरूप सुटतो, घशांत अडकलेला पुष्कळदां सुटत नाहीं. हा फरक बव्हंशीं काठीचा शेंडा ठरवितो. एक गोष्ट मात्र कोणत्याहि काठीच्या हातची नाहीं. तीस फुटांहून खोल पाण्यांतून वर ओढलेल्या क्रॅपीच्या पोटांतील वायूची पिशवी फुगते, आणि तो सोडला तरी पुष्कळदां मरतो. अशा जागीं हवे तेवढे मासे मिळतांच गळ गुंडाळून ठेवावा.

शेवटीं, ज्या बर्फावर बसावयाचें त्याविषयीं. एका माणसाच्या चालण्याला नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ निदान चार इंच जाड असावा, असें तेथील सरकारी खातें सांगतें. पांढुरका किंवा बर्फाच्या भुशानें झांकलेला बर्फ याहून कच्चा असतो, आणि एकाच तळ्यावर सगळीकडे जाडी सारखी नसते. काठी निवडण्यांत अर्धा तास घालविणाऱ्यानें तळ्याच्या कांठापासून पावलोपावलीं बर्फाला भोंक पाडून मोजण्यास तितकाच वेळ द्यावा. आणि मोजमाप चार इंचांहून कमी भरलें, तर नवी काठी तशीच खांद्याला लावून घरीं परतावें.