सल्लागाराची पात्रता

ज्याच्या हाती आपण नाडी देतो त्याने वैद्यक शिकलेले असावे, असा आपला आग्रह असतो. जन्मभराची पुंजी मात्र ज्याच्या शब्दावर आपण दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, त्याचे शिक्षण आपण विचारीत नाही. या अनास्थेचे मोल कोलकाता शहराने दोनदा मोजले आहे.

संचयिता इन्व्हेस्टमेंट्स या तेथील पेढीने १९७९ पर्यंत दरसाल शेकडा ४८ आणि पुढे ३६ व्याजाचे आमिष दाखविले. हजार रुपयांवर वर्षाकाठी ४८० रुपये देऊन मुद्दलही सुरक्षित राखील असा सचोटीचा धंदा कोणता, एवढा त्रैराशिकाचा प्रश्न विचारला असता तरी पुष्कळांचे डोळे उघडले असते. एप्रिल २०१३ मध्ये शारदा समूह कोसळला, तेव्हाही तेच घडले. दलालांची एक लांबलचक साखळी खेडोपाडी पोहोचली होती. हे दलाल शेजारीपाजारी, आप्तेष्टच होते. कित्येकांनी स्वतःचाही पैसा तेथे ठेवला होता. म्हणजे सारेच लबाड नव्हते; आपण काय विकतो आहो, हेच अनेकांना ठाऊक नव्हते. अज्ञानी माणूस प्रामाणिक असला म्हणजे अधिकच घातक ठरतो. कारण त्याच्यावर लोक विश्वास टाकतात.

विमा प्रतिनिधीसाठी २००० सालच्या नियमांनी १०० तासांचे प्रशिक्षण आवश्यक ठरविले. पुढे ते ५० तासांवर आले. म्युच्युअल फंड विकणाऱ्यास परीक्षा द्यावी लागते. श्रोतेहो, परीक्षेने नीती येत नाही, हा आक्षेप खरा आहे. शिवाय, प्रशिक्षण म्हणजे विक्रीचे कौशल्य, असा समज झाला तर तास वाढवूनही काही साधणार नाही. किमान शिक्षणात तीन गोष्टी असाव्यात: व्याजाचा हिशेब पडताळणे, योजना रिझर्व्ह बँक, सेबी अथवा विमा प्राधिकरण यांपैकी कोणाच्या नियंत्रणाखाली आहे हे शोधणे, आणि आपणांस मिळणारे कमिशन ग्राहकास न विचारता सांगणे.

अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ साली झाला. परंतु कायदा बहुधा पैसे बुडाल्यावर दारी येतो. सल्लागार त्याआधीच येऊन बसलेला असतो. तेव्हा सही करण्यापूर्वी त्याची नोंदणी विचारा. त्यात संकोच कसला? जाणता सल्लागार या प्रश्नाने रागावणार नाही; आणि जो रागावेल, त्याची परीक्षा तेथेच झाली.