दुबई किती लांब?

(साक्षरता वर्गातील भाषण)



आपल्या महाड-पोलादपूर भागातली पुष्कळ मुले नोकरीसाठी आखातात जातात. घरची माणसे मला विचारतात, "गुरुजी, दुबई किती हो लांब?" आज त्याचाच हिशेब करू.

पोलादपूरहून महाबळेश्वर रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर आहे. पण आंबेनळी घाट वळणे घेत घेत चढतो. डोंगरावरून सरळ दोरी ताणली, तर अंतर जवळजवळ निम्मेच भरेल. विमानाला ना घाट, ना वळण. ते बरेचसे सरळ जाते. मुंबई ते दुबई असे सरळ अंतर सुमारे १९०० किलोमीटर आहे. विमान ते सुमारे तीन तासांत तोडते. आपल्याला एस.टी.ने मुंबई गाठायला याहून जास्त वेळ लागतो!

आता गंमत ऐका. मुंबईहून विमान सकाळी १० वाजता सुटले. तीन तास उडाले. म्हणजे दुपारचा १ वाजला. पण दुबईच्या घड्याळात साडेअकराच वाजलेले असतात. असे का? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणून सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, दुबईला मागाहून. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची.

आता माझीच चूक सांगतो. माझ्या पुतण्याचे तिकीट मी वाचले. तारीख १५, वेळ ००:४०. मी म्हटले, "बाळा, १५ तारखेला दुपारी नीघ." तो तसा निघाला. विमानतळावर कळले की विमान आदल्या रात्रीच गेले! तारीख रात्री १२ ला बदलते. ००:४० म्हणजे १४ तारखेची रात्र सरून १५ तारीख लागल्यावर ४० मिनिटे. तिकिटाचे पैसे बुडाले. उसने काढून दुसरे तिकीट घ्यावे लागले. मी शाळेत जन्मभर घड्याळ शिकवले, पण त्या दिवशी मला मान वर करवेना.

म्हणून हिशेब मागून पुढे करावा. विमान ००:४० ला. विमानतळावर तीन तास आधी पोचायचे, म्हणजे १४ तारखेला रात्री ९:४० ला. एस.टी.चे पाच-सहा तास धरा. वाटेत गाडी अडते, पावसात दरड पडते, म्हणून आणखी दोन-तीन तास हाताशी ठेवा. म्हणजे १४ तारखेला दुपारी एकच्या सुमारास घर सोडायला हवे.

तुम्ही आता वाचू लागला आहात. घरात तिकीट आले की ते स्वतः वाचा, आणि मोठ्याने वाचा. गुरुजींनी वाचले असले, तरी पुन्हा वाचा.

उद्यासाठी एक प्रश्न देतो. तिकिटावर तारीख २० आणि वेळ ०२:१५ आहे. घरून कोणत्या तारखेला, किती वाजता निघाल? पाटीवर लिहून आणा.