भयगंड : ओळख आणि उपाय
(शुगर लँड येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



डॉक्टरला भीती वाटत नाही, हा एक मोठा गैरसमज आहे. आणि तो सर्वप्रथम डॉक्टरांचाच असतो. बेल्टवे 8 वरून साउथवेस्ट फ्रीवेला उतरणारा उंच रॅम्प आपल्याला परिचित आहे. कित्येक वर्षे मी त्या रॅम्पवर गाडी घालीत नसे. शुगर लँडला मित्रांकडे यायचे तर खालच्या रस्त्याने, एकेक सिग्नल पार करीत येई आणि उशिराचे खापर रहदारीवर फोडी. रॅम्पच्या नुसत्या विचाराने छाती धडधडे, तळहातांना घाम सुटे. यालाच भयगंड किंवा फोबिया म्हणतात. धोक्याच्या मानाने भीती अवाजवी असते, ती सहसा सहा महिन्यांहून अधिक काळ टिकते आणि माणूस तिच्यापायी आपले जीवन आखडून घेतो. कुणाला विमानाची भीती, कुणाला लिफ्टची, तर कुणाला एम.आर.आय.च्या बोगद्याची. आपल्या कित्येक भगिनींना पालीची भीती वाटते. आणि ती बिचारी तर टेक्सासमध्येही पोर्चच्या दिव्यापाशी हजर असते!

मात्र प्रत्येक भीतीला रोग म्हणू नये. 1901 साली बालवयातील बाबासाहेब इतर मुलांसह मसूर स्टेशनवर उतरले, गोरेगावला वडिलांकडे जाण्यासाठी. जातीमुळे बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे देऊन ती मिळाली, तरी पिण्यास पाणी मिळाले नाही, आणि रात्र भयाने काढावी लागली. ते भय भयगंड नव्हते. दोष समाजात होता, मुलांच्या मनात नव्हता. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणी आजही परक्याच्या घरी पाणी मागताना कचरत असेल, तर त्यास 'मनाने दुबळा' म्हणण्यापूर्वी हे आठवावे. औषधोपचाराआधी निदान, आणि निदानाआधी इतिहास विचारावा, असे आम्हाला शिकविलेले असते.

खरा भयगंड पोसला जातो तो टाळाटाळीने. मी रॅम्प टाळला की तत्क्षणी हायसे वाटे. मेंदू त्यातून एवढेच शिके की, टाळले म्हणून वाचलो. ही साखळी तोडण्याचा उपाय 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने प्रसिद्ध केला. सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या बालकाला आवडीचा खाऊ देत तिने ससा हळूहळू जवळ आणला. आजचे उपचार याच तत्त्वावर उभे आहेत.

पण हे वाचताना मला मज्झिमनिकायातील भयभेरव सुत्त आठवले. बोधिप्राप्तीपूर्वी तथागत मुद्दाम भयाण वनात रात्री राहिले. एखादे जनावर येई, मोर काटकी मोडी, वाऱ्याने पाने सळसळत. चालत असता भय आले, तर ते ओसरेपर्यंत ते चालतच राहिले. बसले असता आले, तर बसूनच राहिले. भय असतानाच जागा न सोडणे, यातच उपचाराचे सारे मर्म आहे. शरीराची धडधड कायम चढत राहत नाही; थांबलो तर ती उतरते.

मी भीतीची एक शिडी केली. प्रथम पत्नीने गाडी चालविली व मी शेजारी बसलो. नंतर रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असता, ती शेजारी व चाकावर मी. मग त्याच रॅम्पवर पुन्हा पुन्हा फेऱ्या. भोवळ येणाऱ्याने किंवा हृदयविकार असणाऱ्याने आधी तपासणी करून घ्यावी आणि चाकावर बसण्याचा प्रयोग तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावा. मद्याचा आधार तर कधीच घेऊ नये.

एक अपवाद सांगतो. रक्त किंवा सुई पाहून ज्यांना घेरी येते, त्यांचा रक्तदाब चढता चढता एकाएकी घसरतो. त्यांना 'अंग सैल सोडा' म्हणणे चुकीचे होय. हातपाय व पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यावर ऊब येईपर्यंत, आवळावेत. अर्धा मिनिट सोडावेत. असे पाच वेळा करावे. स्वीडनचे लार्स-गोरान ऑस्ट यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत विकसित केली. मधुमेहींना आणि रक्तदान शिबिरास येणाऱ्या तरुणांना ती विशेष उपयोगी आहे.

मुलांच्या बाबतीत एक विनंती. 'भित्रा' म्हणून चारचौघांत हसू नका. आणि त्याचे भय पाहून लगेच घरीही नेऊ नका. जवळ बसा, वेळ जाऊ द्या.

आज सकाळी मी त्याच रॅम्पवरून येथे आलो. तळहात थोडे ओले झाले होते. पण पत्नी शेजारच्या आसनावर झोपली होती.